डोंगरदरीतील मुक्काम व जागेची निवड

हिवाळा सुरू झाला की अनेक शाळांतून सहलींचे व शिबिरांचे बेत आखले जातात. पाठीशी उंच कडा, पुढे वाहती नदी, मध्ये झाडीची सपाट जागा असे स्थळ दिसले की राहुट्या येथेच ठोकाव्यात, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या गुणांमुळे जागा मनात भरते, त्याच गुणांत पुष्कळदा तिचा धोका दडलेला असतो. ही गोष्ट नीट उमगण्यास अमेरिकेतील योसेमिटी दरीचे उदाहरण शिक्षकांस उपयोगी पडेल.

ही दरी कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वतात आहे. तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर व रुंदी जेमतेम दीड किलोमीटर आहे. तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून दोन्ही अंगांस ग्रॅनाइट खडकाचे जवळजवळ उभे कडे आहेत. तळातून मर्सेड नदी वाहते. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड प्रवाहांनी ही दरी खोल व रुंद केली. येथील मूळ रहिवासी देवदाराच्या सालींच्या निमुळत्या झोपड्या बांधून राहत असत. १८५१ साली गोऱ्यांची सशस्त्र तुकडी दरीत शिरली व त्या लोकांना तेथून हुसकावण्यास आरंभ झाला. १८६४ साली ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्यात आली व १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

आपणांस विशेष आपुलकी वाटावी अशी गोष्ट ही, की येथील प्रसिद्ध राहुटी-वसाहत एका शिक्षक दांपत्याने उभारली. डेव्हिड करी व जेनी करी यांनी १८९९ च्या उन्हाळी सुटीत अवघ्या सात तंबूंनिशी हा उपक्रम सुरू केला. महागड्या हॉटेलांत राहणे ज्यांना परवडत नसे, अशा सामान्य माणसांनाही निसर्गाच्या सान्निध्यात राहता यावे, अशी ही सोय होती. पुढे सातांचे शेकडो तंबू झाले. येथील राहुटीची रचना साधी आहे. जमिनीपासून थोडी उंच लाकडी फळ्यांची बैठक, तीवर लाकडी सांगाडा, त्यावर जाड कापडाच्या भिंती व छप्पर, आत खाटा, आणि स्नानगृहे व शौचकूप सामाईक. ओल, विंचूकाटा व पावसाचे पाणी यांपासून फळ्यांच्या बैठकीमुळे पुष्कळ बचाव होतो.

आता धोक्यांकडे वळू. पहिला धोका कड्याचा. ही वसाहत ग्लेशियर पॉइंट नावाच्या सुमारे ९७५ मीटर उंच कड्याच्या पायथ्याशी आहे. ग्रॅनाइटचे थर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत असतात. फटीत शिरलेले पाणी थंडीत गोठते व गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. त्यामुळे फट दरवर्षी थोडी थोडी रुंदावते. दिवसाच्या उन्हाने व रात्रीच्या गारव्यानेही पापुद्रे हलतात. १९९६ च्या जुलैमध्ये दरीच्या पूर्व टोकाशी मोठी दरड कोसळली. तिच्या आघाताने उठलेल्या वाऱ्याच्या झोताने शेकडो झाडे आडवी झाली व एक मनुष्य प्राणास मुकला. ऑक्टोबर २००८ मध्ये तर दरडीचे दगड राहुट्यांवरच येऊन पडले. सहलीस आलेली शाळकरी मुले त्या वेळी तेथे मुक्कामास होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु त्यानंतर दोनशेहून अधिक राहुट्या व खोल्या कायमच्या बंद कराव्या लागल्या. कड्याखाली जुने मोठे दगड पसरलेले असणे, हीच तेथे पूर्वी दरडी कोसळल्याची साक्ष असते.

दुसरा धोका नदीचा. कड्यापासून दूर जावे तर आपण नदीजवळ येतो. जानेवारी १९९७ मध्ये डोंगरावर साठलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला आणि मर्सेड नदीस महापूर आला. नदीकाठची तंबूंची मैदाने व कित्येक निवासखोल्या त्यात नष्ट झाल्या. दरी अरुंद असेल तेथे कडा व पूररेषा यांच्यामधील सुरक्षित पट्टा फारच लहान उरतो, हे येथे ध्यानात येते.

तिसरा धोका डोळ्यांस न दिसणारा. २०१२ च्या उन्हाळ्यात या उद्यानात राहिलेल्या दहा जणांस हंताविषाणूचा विकार जडला व त्यांपैकी तिघे मरण पावले. बहुतेक रुग्ण एका विशिष्ट प्रकारच्या राहुट्यांत राहिले होते. ऊब टिकावी म्हणून त्या राहुट्यांस दुहेरी भिंती केल्या होत्या. त्या भिंतींमधील पोकळीत रानउंदरांनी घरटी केली. उंदरांचे मलमूत्र वाळून त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेली की हा रोग होतो. अशा ९१ राहुट्या पुढे मोडून टाकण्यात आल्या. सोयीसाठी केलेली सुधारणा अपायकारक ठरू शकते, ती अशी.

अन्नाविषयीही तेथे कडक नियम आहे. अस्वलांस वास येऊ नये म्हणून खाद्यपदार्थ राहुटीत न ठेवता लोखंडी पेटीत बंद करावे लागतात.

आपल्या सह्याद्रीचा खडक ग्रॅनाइट नव्हे, बेसाल्ट आहे व येथे बर्फ पडत नाही. आपल्याकडे दरडी मुख्यतः अतिवृष्टीने कोसळतात. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवरही तसाच घाला पडला. कारणे भिन्न असली तरी जागा पारखण्याची रीत तीच आहे.

म्हणून मुलांस मुक्कामी नेणाऱ्या शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पावसाळ्यात डोंगरउताराच्या पायथ्याशी मुक्काम करू नये. इतर ऋतूंतही, ताजे फुटलेले दगड दिसतील तेथून दूर राहावे. नदीचे पाणी पूर्वी कोठवर चढले होते, हे गावातील वृद्धांस विचारावे व राहुट्या त्या खुणेच्या वर ठोकाव्यात. ओढ्याचे कोरडे पात्र कितीही सपाट दिसले तरी तेथे झोपू नये. बंद असलेली खोली वा धर्मशाळा वापरण्यापूर्वी दारे-खिडक्या निदान अर्धा तास उघड्या ठेवाव्यात. उंदरांच्या लेंड्या दिसल्यास कोरडा झाडू मारू नये; जंतुनाशक पाणी शिंपडून जागा ओली करावी व मग फडक्याने पुसून घ्यावी. शिधा घट्ट झाकणाच्या डब्यांत, झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. रात्री निघून जाण्याची वाट सर्व मुलांस दिवसाउजेडी दाखवून ठेवावी.

सहलीपूर्वी भूगोलाच्या तासास मुलांकडून स्थळाचा कच्चा नकाशा काढून घ्यावा. त्यात कडा, उतार, नदी व पुराची खूण दाखवावी आणि राहुटी कोठे ठोकावी, हे मुलांनीच कारणांसह सांगावे. स्थळी पोहोचल्यावर तोच नकाशा हाती घेऊन जागा प्रत्यक्ष पडताळून पाहावी व मगच पहिली मेख ठोकावी.