मशीन लागत नाही? स्क्रूला हात शेवटी लावा



31 जुलैला मासेमारी बंदी संपते. 10 एचपीपर्यंतचं मशीन लावून गिलनेटने मासे धरणाऱ्या होड्यांना गोव्यात बंदीतून सूट आहे, तरी पावसातलं मुखाचं पाणी बघून आपल्यातले बरेच जण होडी वर ओढूनच ठेवतात. मशीन खोपीत पडून राहतं. मग ऑगस्टात तीच तक्रार येते: दोरी ओढून खांदा दुखला, मशीन लागत नाही. किंवा लागतं, पण चोक काढला की बसतं. अशा वेळी आपण पहिल्यांदा काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला लागतो. बहुतेक वेळा बिघाड स्क्रूत नसतोच. तो पेट्रोलात असतो, नाहीतर कचऱ्यात.

जेटीवर मशीन बसलं तर दोन शिव्या देऊन माणूस घरी जातो. बेतूलला साळ नदीच्या मुखावर किंवा शापोऱ्याला वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटत असताना बसलं, तर होडी आडवी होते आणि आत आपली माणसं असतात. म्हणून होडी पाण्यात घालण्याआधीच हे काम करून घेऊया.

कार्बोरेटर करतो काय?

हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तिथून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि सुई पेट्रोल बंद करते. जेटचं भोक अगदी बारीक असतं. महिनाभर वाटीत पेट्रोल राहिलं की ते सुकून चिकट होतं आणि नेमकं तिथेच बसतं.

आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि पावसात आपल्या खोपीत ओलावा कमी नाही. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतात. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. पाइप ओढतो तळाचं, म्हणजे मशीनला ऑइलच मिळत नाही.

तपास या क्रमाने करा

1. पेट्रोल. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा आंबूस वास आला तर ते मशीनला घालू नका. नदीत किंवा खाजनात ओतूही नका. टाकी धुऊन, सुकवून ताजं पेट्रोल भरा. 50:1 प्रमाण असेल तर 1 लिटरला 20 मिली, 5 लिटरला 100 मिली ऑइल. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तकात बघून घ्या.

2. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू आणि रबरी बल्ब. मशीन थोडा वेळ चालून बसतं आणि बल्ब चपटा झालेला दिसतो, तर झाकणाची हवा बंद आहे किंवा टाकीची जाळी तुंबली आहे. बल्ब दाबून दाबून कडक होतच नसेल तर पाइप हवा घेतोय, नाहीतर वाटीची सुई नीट बसत नाही.

3. फिल्टर आणि प्लग. प्लग कॉफीच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, कोरडा असेल तर कमी. पांढरा प्लग दिसला की मशीन तसंच चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होतो.

4. आता कार्बोरेटर. चोक लावला तरच चालतं, तर स्लो जेट तुंबलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरते. स्लोला ठीक पण रेस दिली की ओढत नाही, तर मेन जेट बघा. पेट्रोल गळतं, काळा धूर येतो, तर सुईत कचरा आहे किंवा चोक अडकलाय.

खोलायचं काम उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फुकट. क्लिनर मारा, हवा मारा. फारच घट्ट बसलं असेल तर नायलॉनचा बारीक तंगूस चालतो. तो आपल्या घरात असतोच.

स्क्रू सर्वात शेवटी

फिरवण्याआधी स्क्रू हळूच आत बसेपर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा, आकडा लिहून ठेवा. आवळू नका, टोक बिघडतं. साफ करून झाल्यावर पुस्तकातल्या आकड्यावर आणा. मशीन गरम झाल्यावरच पाव-पाव फेरी फिरवून बघा. ओबीएम कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबर लगेच जळतं. पाण्याच्या पिंपात लावा.

ग्रास कटरचं थोडं वेगळं आहे. त्याचा कार्बोरेटर पडद्याचा असतो, म्हणून तो तिरका धरला तरी चालतो. बऱ्याच मशीनवर एल, एच आणि आयडलचा असे तीन स्क्रू असतात. आधी हवेचा फिल्टर धुवा. मग एल लावा, मग आयडल असा ठेवा की रेस सोडल्यावर पातं फिरता कामा नये. एच जास्त आत घेऊ नका. आवाज चढतो, जोर वाढल्यासारखा वाटतो, पण मशीन जळतं. आणि ओबीएमचं टीसी-डब्ल्यू3 ऑइल ग्रास कटरला घालू नका. ते पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं आहे.

पुढच्या वेळी मशीन ठेवताना पिंपात लावून पेट्रोलचा पाइप काढा, आपोआप बसेपर्यंत चालू द्या. मग वाटीचा खालचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

नारळी पौर्णिमेला नारळ देण्याआधी मशीन पिंपात अर्धा तास चालवून बघा. होडीत जादा प्लग, प्लग पाना, वल्हं आणि नांगर असू द्या. पाण्यात मशीन बसलंच तर आधी नांगर टाका, नाळ लाटेकडे ठेवा, मग मशीनचं टोपण उघडा. गरज पडली तर कोस्ट गार्डचा 1554 हा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा.

एवढं करूनही लागत नसेल तर स्क्रू फिरवत बसू नका, मशीन आणि लिहिलेले आकडे घेऊन मेकॅनिककडे जा. आणि ही पोस्ट होडीवर जाणाऱ्या पोरांनाही वाचून दाखवा.