गुण भागिले सेकंद

ऑलिंपिकच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकाराच्या जलद फेरीत लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद दिसते. गोळी त्यातल्या पहिल्या सेकंदात सुटली की शेवटच्या, याची नोंद कुणी ठेवत नाही. ती लागली कुठे एवढेच मोजतात. प्रॅक्टिकल शूटिंग या दुसऱ्या खेळात मात्र वेळ थेट गुणांच्या हिशेबात उतरतो. मिळालेल्या एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, येणारा आकडा म्हणजे हिट फॅक्टर, आणि ज्याचा हिट फॅक्टर मोठा त्याने ती स्टेज, म्हणजे स्पर्धेतला तो टप्पा, जिंकली. स्पर्धक पट्ट्यावरच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून उभा राहतो, टायमरचा आवाज होताच ते काढतो आणि आडोशांमधून धावत, खिडक्यांमधून कागदी व लोखंडी लक्ष्ये टिपतो. कोणत्या क्रमाने आणि कुठे उभे राहून, हे त्याचे त्याने ठरवायचे. या खेळात कसब कसे वाढवावे आणि सामान कोणते घ्यावे, हे दोन प्रश्न नवखा माणूस वेगवेगळे विचारतो. माझ्या मते दोन्हींचे उत्तर त्या एका भागाकारातच आहे, आणि ते बहुतेक वेळा सामानाच्या विरोधात जाते.

खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातले. तिथे 1950 च्या दशकात जेफ कूपर आणि त्यांच्याभोवतीच्या मंडळींनी पिस्तुलाच्या खुल्या चढाओढी भरवायला सुरुवात केली. एका हाताने, कमरेजवळून झटपट गोळी झाडण्याची तेव्हा फॅशन होती. लॉस एंजेलिस परगण्यातला पोलीस अधिकारी जॅक वीव्हर दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणून नेम धरू लागला आणि जिंकू लागला. वादाचा निकाल मतांवर न सोडता स्पर्धेवर सोपवायचा, ही या खेळाची खोड तेव्हापासूनची. 1976 च्या मे महिन्यात मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघ, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाला. कूपर त्याचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग हे ब्रीद. पुढे ऐंशीच्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनोस या अमेरिकी नेमबाजांनी वीव्हरचीही पद्धत मागे टाकली आणि दोन्ही हात सारखे पुढे ताणून उभे राहण्याची ढब रूढ केली. या दोन्ही बदलांसाठी कुणाला नवे पिस्तूल विकत घ्यावे लागले नाही.

आता भागाकाराकडे. मोठ्या स्टेजमध्ये जास्तीत जास्त 32 गोळ्या लागतात, सहसा एका कागदी लक्ष्यावर दोन. मधल्या ए भागात लागलेल्या गोळीला 5 गुण, म्हणून कमाल 160. कमी ताकदीच्या, म्हणजे मायनर गटातल्या काडतुसाला सी भागात 3 आणि डी भागात 1 गुण मिळतो. गोळी साफ चुकली तर ते गुण जातातच, वर 10 गुण दंड. एकाने 32 च्या 32 गोळ्या ए मध्ये घातल्या आणि 22 सेकंद घेतले: हिट फॅक्टर 7.27. दुसऱ्याच्या सहा गोळ्या सी मध्ये गेल्या, पण तो 19 सेकंदांत संपवून आला: 148 भागिले 19, म्हणजे 7.79. दुसरा जिंकला. तिसऱ्याच्या एकतीस गोळ्या ए मध्ये लागल्या, एक चुकली आणि वेळ लागला 20 सेकंद: 7.25. एकाच चुकीने तो सावकाश, निर्दोष खेळणाऱ्याच्याही मागे पडला. हिट फॅक्टर 8 च्या आसपास असेल तेव्हा एक सेकंद आठ गुणांचा. मग एका सी मुळे पाव सेकंदाचे नुकसान होते आणि एका चुकलेल्या गोळीमुळे जवळजवळ दोन सेकंदांचे. लक्ष्ये दूर आणि अवघड असली की हिट फॅक्टर 4 वर येतो आणि त्याच सी ची किंमत अर्धा सेकंद होते. ‘वेगाने मारू की नेमाने’ या प्रश्नाला म्हणूनच कायमचे उत्तर नसते. दर स्टेजला नवा दर असतो आणि तो मनात बांधता येणे हेच या खेळातले पहिले कसब.

हाच हिशेब सामानाला लावून पाहावा. समजा हलक्या, घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या ट्रिगरमुळे एका लक्ष्यावरच्या दोन गोळ्यांमधले अंतर सेकंदाच्या दोन शतांशांनी घटले. सोळा लक्ष्यांवर ही बचत झाली 0.32 सेकंद, म्हणजे एका सी च्या भरपाईपेक्षा जरा जास्त. आणि एका लक्ष्यावरच्या दोन गोळ्यांमध्ये साधारण 0.2 सेकंदाचे अंतर धरले, तर वीस सेकंदांच्या स्टेजमध्ये या जोड्यांचा एकूण वेळ तीन सेकंदांच्या थोडा वर जातो. उरलेले सतरा सेकंद कुठे गेले? पिस्तूल काढण्यात, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर नेण्यात, पळण्यात, थांबण्यात, मॅगझिन बदलण्यात, आणि कुठे उभे राहायचे होते ते आठवण्यात. यातले काहीच दुकानात मिळत नाही. उलट यातले जवळजवळ सगळे घरी, एकही काडतूस न जाळता सुधारता येते. रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीवर लहान केलेली लक्ष्ये लावून, टायमरवर ठरावीक वेळ बांधून पिस्तूल काढणे, नजर हलवणे आणि मॅगझिन बदलणे यांची आवर्तने करायची, याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. काडतुसे त्या खोलीतही ठेवायची नाहीत, हा तिचा पहिला नियम. प्रगती मोजायला ठरलेले कसोटीचे प्रकार आहेत. कूपर यांच्या ‘एल प्रेसिडेंते’मध्ये लक्ष्यांकडे पाठ करून उभे राहायचे, वळून दहा यार्डांवरच्या तीन लक्ष्यांवर दोन-दोन गोळ्या, मॅगझिन बदल, पुन्हा दोन-दोन. जुना मापदंड दहा सेकंदांचा होता. आज अव्वल नेमबाज त्याच्या निम्म्या वेळात ते उरकतात.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो आणि तो खोटा नाही. 1990 च्या सुमारास पिस्तुलावर लाल ठिपका दाखवणारी ऑप्टिक साइट आली, नळीच्या टोकाला धक्का दाबणारा कॉम्पेन्सेटर आधीच आला होता, आणि ज्यांच्याकडे ही जोडी होती ते इतरांच्या पुढे निघून गेले. म्हणजे सामानाने फरक पडतो. पण महासंघाने त्यावर काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने विभाग पाडले. ओपन विभागात जवळपास सगळे चालते; स्टँडर्डचे पिस्तूल मॅगझिनसह 225 बाय 150 बाय 45 मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे; प्रॉडक्शनमध्ये कारखान्यातून येते तसेच पिस्तूल, आवाज होण्याच्या क्षणी त्यात पंधराच गोळ्या, आणि ट्रिगरच्या वजनालाही खालची मर्यादा. पैशाने मिळणारा फायदा नियमाने कुंपणात घातला. फ्रान्सचा एरिक ग्रोफेल 1999 साली सेबूला ओपन विभागात जागतिक विजेता झाला आणि पुढे इतर विभागांतही जिंकला. पिस्तूल बदलले, माणूस तोच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: ड्राय प्रॅक्टिसमध्ये धक्का नसतो, मग ती खरी कशी? जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. तिथल्या तात्सुया साकाईने प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर मायदेशी सराव केला आणि 2004 साली अमेरिकेतली स्टील चॅलेंज ही जागतिक वेगनेमबाजी स्पर्धा जिंकली. हे उदाहरण फार ताणू नये. स्टील चॅलेंजमध्ये प्रत्येक लोखंडी तबकडीला एकच गोळी लागते आणि धावपळ जवळजवळ नसते, त्यामुळे धक्का सावरण्याची परीक्षा तिथे सौम्य होते. एकाच लक्ष्यावर सहा गोळ्या दोन सेकंदांत ए भागात ठेवण्याची ‘बिल ड्रिल’ ही कसोटी काडतुसांशिवाय शिकता येणार नाही, कारण पकड ढिली आहे हे चौथी-पाचवी गोळीच सांगते. पण पिस्तूल काढणे आणि नजर हलवणे हा वाटा काडतुसांशिवायही तयार होतो, एवढे साकाईने दाखवले आहेच.

मग सामानात पाहायचे काय? पहिली गोष्ट, ते अडकता कामा नये. काडतूस नळीत अडकले तर ते काढायला सहज दोन-तीन सेकंद जातात, म्हणजे सोळा-चोवीस गुण. महागड्या ट्रिगरने अनेक स्टेजमध्ये वाचवलेले सगळे एका फटक्यात जाते. म्हणून मॅगझिनच्या स्प्रिंगवर खर्च करावा, नळीवरच्या नक्षीवर करू नये. दुसरी गोष्ट काडतुसाची ताकद. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फुटांतला वेग, भागिले हजार, हा पॉवर फॅक्टर. मायनरसाठी तो किमान 125 हवा. 124 ग्रेनची गोळी सेकंदाला 1050 फूट गेली तर 130 येतो. धक्का कमी बसावा म्हणून काठावर, 125.5 वर काडतुसे भरणारे हुशार असतात, आणि स्पर्धेतल्या यंत्रावर वेग थोडा कमी भरला की त्यांच्या सगळ्या स्पर्धेचे गुण शून्य होतात. तिसरी गोष्ट होल्स्टर आणि पट्टा: दर वेळी पिस्तूल त्याच जागी, त्याच कोनात हाताला लागले पाहिजे. पिस्तूल हातातून पडले, किंवा नळी ठरलेल्या सुरक्षित कोनाबाहेर वळली, तर स्पर्धक तिथल्या तिथे बाद होतो. तिथे कुणाचीही गय करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

स्पर्धेपुरत्या खास सामानाने हा खेळ खरोखरच्या उपयोगापासून दूर नेला, ही तक्रार जुनी आहे. तिच्यातूनच 1996 साली अमेरिकेत बिल विल्सन आणि सहकाऱ्यांनी अंगावर नेहमी बाळगायच्या पिस्तुलांपुरती आयडीपीए ही वेगळी संघटना काढली. तक्रारीत तथ्य आहे, पण खेळाने खेळच राहावे हे मला जास्त बरे वाटते.

भारतात 9 मिलिमीटर पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही, आणि आयपीएससीला किमान 9 बाय 19 चे काडतूस लागते. त्यामुळे मराठी वाचकाला हा खेळ बहुधा परदेशी असतानाच, किंवा महासंघाने मान्य केलेल्या ॲक्शन एअर या एअरसॉफ्ट प्रकारातून भेटेल. तो भेटला आणि खेळावासा वाटला, तर बंदुकीच्या दुकानात जाण्याआधी महासंघाचे नियमपुस्तक उघडा, विभागांच्या मर्यादा सांगणारी परिशिष्टे वाचा, एक विभाग निवडा आणि पहिल्या वर्षी टायमरखेरीज नवे काही घेऊ नका.