रक्ताची ठेव, ठेवीदाराचा हक्क

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे एक चुलत बंधू, सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे लेथ मशीनवर राबलेले. तंबाखूची सवय जुनी. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उमटला, त्याकडे दुर्लक्ष झाले, पुढे गाठ झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णालयात नर्सबाईंनी चार-पाच कागद वहिनींच्या पुढे केले. "इथे सही करा, इथे, आणि इथे." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच वाचा बघू काय लिहिलंय."

शेवटचा कागद इंग्रजीत होता आणि तो ऑपरेशनचा नव्हताच. काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा आणि थोडे रक्त संशोधनासाठी साठवून ठेवण्यास आमची हरकत नाही, असा त्याचा मजकूर. मी विचारले तर उत्तर मिळाले, "सगळेच करतात हो सही." वहिनी घाबरल्या. सही नाही केली तर ऑपरेशन पुढे ढकलतील काय? मला उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी सही केली. दादा शेजारच्याच खाटेवर पूर्ण शुद्धीत बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

ते उत्तर आज मला ठाऊक आहे. आपल्या प्रत्येक घरात ते ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही बँक कसली?

या प्रकाराला 'बायोबँक' म्हणतात. माणसाचे रक्त, लघवी, गाठीचा तुकडा, त्यातून काढलेला डीएनए असे नमुने तिथे जपून ठेवतात. काही उणे ८० अंशाच्या शीतकपाटात, काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये, तर गाठीचे तुकडे मेणाच्या वडीत बसवून. प्रत्येक नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याला वय, आजार, सवयी, उपचार यांची माहिती जोडलेली असते. दहा-वीस वर्षांनी एखाद्या शास्त्रज्ञाला नवा प्रश्न पडला, तर उत्तर शोधायला हा साठा हाताशी असतो.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. तंबाखू-गुटखा दाढेत धरणाऱ्यांना गाल आणि हिरडीच्या मध्ये होणारा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत फारसा दिसत नाही. त्यामुळे तिकडच्या संशोधनात त्याला जागा नव्हती. जगातल्या अनेक देशांनी मिळून कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास वाटून घेतला, तेव्हा भारताने हाच कॅन्सर निवडला. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्था यांनी मिळून हे काम केले. आधी ५० रुग्णांच्या गाठी तपासल्या, मग आणखी ६०. या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी काही नवी जनुके त्यांनी २०१३ साली जगापुढे मांडली. ज्या रुग्णांनी तो तुकडा दिला, त्यांच्याशिवाय हे ज्ञान मिळालेच नसते.

बँकेत कोणाची खाती?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जन्म खतावण्यांत गेलेला. कोणत्याही बँकेबाबत मला पहिला प्रश्न पडतो, खाती कोणाची?

इंग्लंडच्या 'यूके बायोबँक'ने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांचे नमुने व माहिती गोळा केली. आज जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात. पण त्यात शेकडा ९० हून अधिक लोक गोरे. त्यांच्या रक्तावरून बांधलेला अंदाज नाशिकच्या विडी कामगार बाईला तंतोतंत लागू पडेलच, याची खात्री कोण देणार?

आपल्या देशानेही आता पावले टाकली आहेत. 'जीनोम इंडिया' या प्रकल्पात २० संस्थांनी मिळून ८३ समाजगटांतील १० हजार लोकांच्या जनुकांचा आराखडा तयार केला. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवली आहे, आणि सुमारे २० हजार रक्तनमुने बंगळूरच्या बायोबँकेत आहेत. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत सीएसआयआरच्या जनुकविज्ञान संस्थेत 'राष्ट्रीय बायोबँक' सुरू झाली. तिथे १० हजार माणसांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याचा संकल्प आहे. काम स्तुत्यच. पण ही माणसे प्रामुख्याने सीएसआयआरचे कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांचे पती-पत्नी. बांधकामावरची बाई, गटार साफ करणारा कामगार, द्राक्षबागेत औषध फवारणारा मजूर यांच्या फुप्फुसांत काय साठते, ते या खात्यांतून कसे कळणार? आपण खात्याबाहेर राहिलो, तर उद्याचे औषधही दुसऱ्याच्या मापाचे शिवले जाईल.

म्हणून 'देऊच नका' असे मी म्हणणार नाही. समजून द्या, असे म्हणेन.

बाल्टिमोरची हेन्रिएटा

न समजता घेतले तर काय होते, हे अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय मातेच्या कहाणीवरून कळते. हेन्रिएटा लॅक्स, वय ३०, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतात राबलेली. १९५१ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिला न विचारता तिच्या गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत गेल्या. त्याच वर्षी ती वारली. पेशी मात्र वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर पसरल्या. पोलिओची लस तपासायला त्या उपयोगी पडल्या. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही त्या आहेत. कंपन्यांनी त्या विकून पैसा केला आणि तिच्या घरच्यांना वीसेक वर्षे पत्ताही नव्हता. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली.

तिच्या पेशींनी लाखोंचे भले केले, हे खरेच. पण तिला कोणी विचारले नाही, कारण ती गरीब होती आणि काळी होती. हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सिकलसेलचा धडा

आपल्या घरांशी जवळचा विषय सिकलसेलचा. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही हा रक्ताचा आजार आढळतो. नंदुरबारच्या पट्ट्यातही आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. ही तपासणी आपल्याच उपयोगाची, ती जरूर करून घ्या. लग्न जुळवण्याआधी तर अवश्य.

आता या आजारावर जनुकदुरुस्तीचा उपचार निघाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या अशा उपचाराची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर! नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या त्याच जनुकविज्ञान संस्थेने 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर केला. तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. भगवान बिरसा मुंडांचे नाव दिले, आनंद आहे. पण ज्या रुग्णांच्या रक्तावर अशा आजारांचा अभ्यास उभा राहतो, त्यांच्या झोपडीपर्यंत हा उपचार पोहोचला, तरच ते नाव सार्थ होईल.

सही करण्यापूर्वी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली याबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१९ च्या नियमांनी संशोधनाला ती बंधनकारक झाली. त्यांचे सार असे. नमुना ज्याचा, मालकी त्याची. संस्था फक्त विश्वस्त. म्हणजे आपण ठेवीदार! तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१) उपचाराचा कागद वेगळा आणि संशोधनाचा कागद वेगळा. संशोधनाला 'नाही' म्हटले, तरी उपचारात अडथळा आणता येत नाही. वहिनींच्या प्रश्नाचे हेच उत्तर.

२) कागद आपल्या भाषेत मागा. वाचता येत नसेल, तर साक्षीदारासमोर वाचून घ्या. एक प्रत घरी आणा.

३) रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल, तर सही त्याचीच.

४) नमुना एकाच अभ्यासासाठी की पुढच्या कोणत्याही कामासाठी, परदेशी जाणार का, कंपनीला देणार का, नफा झाला तर रुग्णांच्या वाट्याला काय, हे विचारा.

५) दिलेली संमती मागे घेता येते. मात्र नमुना कायमचा निनावी केला, तर तो पुन्हा शोधता येत नाही. म्हणून हे आधीच विचारा.

६) उरलेले निनावी नमुने वापरायला रुग्णालयाची नैतिकता समिती कधी कधी वेगळ्या संमतीशिवायही परवानगी देते. शंका आली, तर दाद याच समितीकडे मागावी.

आणखी एक सावधगिरी. बाळंतपणाच्या वेळी नाळेचे रक्त साठवण्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या खासगी बँका वेगळ्या. पुढे बाळालाच उपयोगी पडेल म्हणून ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे याच परिषदेने सांगितले आहे. हप्ते भरून असली ठेव ठेवू नका.

दादा आज बरे आहेत, तंबाखू सुटली आहे. परवा त्यांना हे सारे सांगितले. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, कुणाच्या पोरांना उपयोग होत असेल तर हसत दिला असता. पण मला विचारायचं ना!"

आपल्या वस्तीत चार माणसे शिकलेली असतातच. शेजारचा कोणी रुग्णालयात निघाला, तर डबा घेऊन जाताना एक पेन आणि चष्माही सोबत न्या. कागद वाचून दाखवा, आणि सही करण्याआधी खाटेवरच्या माणसालाच विचारा.