परकीय शस्त्रे आणि बामियानच्या बुद्धमूर्ती

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर अमेरिका आणि सौदी अरेबिया यांनी मुजाहिदीनांना, म्हणजे धर्मयुद्ध पुकारणाऱ्या सशस्त्र गटांना, जो पैसा आणि शस्त्रे पुरवली, त्यांचे वाटप पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या हाती होते आणि त्यात कडव्या गटांना झुकते माप मिळाले. फौजा १९८९ मध्ये परतल्या, शस्त्रे मात्र राहिली. १९९३ मध्ये याच गटांच्या आपसांतील लढाईत काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयावर अग्निबाण कोसळला आणि संग्रहाचा मोठा भाग लुटला गेला.

तालिबान ही अमेरिकी मदतीतून थेट जन्मलेली संघटना नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; परंतु ती वाढली त्याच उद्ध्वस्त भूमीत, आणि तिलाही पाकिस्तानचे पाठबळ होते. तिचा प्रमुख मुल्ला उमर याच्या फर्मानानंतर मार्च २००१ मध्ये तिने बामियानच्या सुमारे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या. सहाव्या-सातव्या शतकांतील या मूर्तींची शरीरे कड्यात कोरलेली होती, तर चीवराच्या, म्हणजे भिक्षुवस्त्राच्या, चुण्या पेंढा कालवलेल्या मातीच्या लेपात घडवून वर रंग दिलेला होता. सातव्या शतकात चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएनत्संगाने त्या झळाळत्या रूपात पाहिल्या होत्या. युनेस्कोने २००३ मध्ये बामियानचे खोरे जागतिक वारसा यादीत आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीतही नोंदवले, तेव्हा दोन्ही मूर्ती नष्ट होऊन दोन वर्षे झाली होती.