गाडी सुरू झाली, म्हणजे झालं?

मार्च २०२० मध्ये ताईने तिची मारुती ८०० अंगणातल्या आंब्याखाली लावली, हँडब्रेक ओढला आणि वर ताडपत्री टाकली. ती शिकवायची ती शाळा करोनामुळे बंद झाली होती. पंधरा दिवसांत उघडेल, असं तिला वाटलं. शाळा उघडली तोवर तिची तब्येत ढासळू लागली होती. मग ती निवृत्त झाली, आणि गेल्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. राहायला सांगलीत विश्रामबागला, डायलिसिस मिरजेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. अंतर फारसं नाही. पण आठवड्याला ३ म्हणजे वर्षाला १५६ खेपा, आणि जाऊन-येऊन ३१२ वेळा रिक्षा शोधणं. भाऊजींनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. म्हणून मी काही महिने पुण्याहून येऊन राहिलो आणि ताडपत्री काढली.

ताईला बघायला येणारा प्रत्येक जण चहा होईपर्यंत अंगणातल्या गाडीकडे वळायचा. किडनीबद्दल काय बोलावं ते कोणाला सुचत नाही, गाडीबद्दल मात्र प्रत्येकाला सुचतं. त्या सल्ल्यांतले बरेचसे मनापासून दिलेले होते, आणि चुकीचे होते. ते इथे एकेक करून मांडतो.

गैरसमज : नवी बॅटरी टाका, सेल्फ मारा, गाडी लगेच सुरू होईल.

वस्तुस्थिती : होईलही कदाचित, आणि धोका तिथेच आहे. पाच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑइल केव्हाच खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, पिस्टनच्या रिंगांवर गंजाचा पातळ थर धरतो. अशा इंजिनाला एकदम सेल्फ मारला, तर कोरडा धातू धातूवर घासतो. पाच वर्षांत जेवढी झीज झाली नाही, तेवढी पहिल्या पाच सेकंदांत होऊ शकते.

आम्ही आधी तिन्ही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि एक दिवस गाडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पाना लावून पुली हाताने फिरवून पाहिली. फिरली. फिरली नसती, तर जोर करायचा नव्हता. पुन्हा ऑइल सोडून वाट पाहायची होती. मग ऑइल आणि फिल्टर बदलला. प्लग बाहेर ठेवून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारला. ऑइल सगळीकडे पोचल्यावरच प्लग परत बसवले. टायमिंग बेल्टही बदलला. तो किलोमीटरवरच नव्हे, वयावरही बदलायचा असतो, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

एअर फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा आत आंब्याच्या वाळक्या पानांचं आणि शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या कपट्यांचं घर निघालं. उंदरांनी डिकीतला गठ्ठा कुरतडला होता. ताई एवढंच म्हणाली, "कोणाचा तरी पेपर शेवटी कामाला आला." वायरिंग मात्र आम्ही हातभर हातभर तपासत गेलो. एक कुरतडलेली वायर सगळी गाडी पेटवू शकते.

गैरसमज : सेल्फ घेत नसेल, तर चार पोरं बोलवा आणि धक्का मारा.

वस्तुस्थिती : हा सल्ला कार्बोरेटरच्या जमान्यातला. ताईची गाडी २००३ ची, म्हणजे एमपीएफआय. त्यात पेट्रोल इंजिनापर्यंत विजेच्या पंपाने जातं आणि किती सोडायचं ते संगणक ठरवतो. बॅटरी पार मेलेली असेल, तर पंपही मेलेला आणि संगणकही. पोरांची छाती फुटेल, गाडी सुरू होणार नाही. बॅटरीत थोडा जीव असला, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करू शकतं. शिवाय ज्या गाडीचे ब्रेक तपासलेले नाहीत, तिला ढकलून वेग द्यायचा, हे धाडस नव्हे.

गैरसमज : जुनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली की उठते.

वस्तुस्थिती : पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ च्या आसपास असतं. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर चढतात आणि ते चार्जरने सुटत नाहीत. आमच्या बॅटरीने मीटरवर ३ व्होल्ट दाखवले. ती बॅटरीवाल्याला मोडीत दिली आणि नवी ३५ अँपिअरची घेतली.

याचाच जुळा गैरसमज म्हणजे "आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून ठेवली असती, तर ही वेळ आली नसती." पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेला करंटही नीट भरून येत नाही. थंड इंजिनात तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये साचून गंज चढतो, तो वेगळाच. चालवायची, तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर न्यावी. जमणार नसेल, तर बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी.

गैरसमज : जुन्यावर पाच लिटर नवं पेट्रोल ओतलं की मिसळून जातं.

वस्तुस्थिती : पेट्रोल नासतं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट डिंक तयार होतो. टाकी उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या व्हार्निशसारखा वास आला, की समजायचं. इथेनॉल मिसळलेलं असेल, तर ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी उतरतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. आम्ही टाकी उतरवून रिकामी केली, तळाचा तांबूस गाळ धुतला, फिल्टर बदलला. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. गॅरेजवाले ते पार्ट धुवायला घेतात.

दुसरी बाब नव्या पेट्रोलची. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. २००३ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील ते गृहीत धरून बनवलेले नव्हते. यामुळे गाडी लगेच बंद पडते, ही अफवा. काहीच फरक पडत नाही, हेही खरं नाही. अशा जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. आम्ही पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले. खर्च किरकोळ होता. गळक्या पाइपाशेजारी तापलेलं इंजिन, ही जोखीम किरकोळ नव्हती.

गैरसमज : आधी इंजिन चालू करू, ब्रेकचं मग बघू.

वस्तुस्थिती : क्रम उलटा हवा. न धावणारी गाडी कोणाला मारत नाही. न थांबणारी मारते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते न वापरताही दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा १४० अंशांवर येते. ब्रेक तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. तेच पाणी आतून सिलिंडर गंजवतं. आमचे मागचे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते.

मागचे लायनर ड्रमला घट्ट चिकटले होते, ते पाच वर्षं ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे. गाडी दीर्घकाळ उभी करायची, तर हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला पुढून-मागून वीट लावायची. गॅरेजमधून आलेल्या मिस्त्रींनी ड्रमवर हातोडीने चौफेर टकटक करून ते सोडवले. मग गाडी दोर लावून टोचनही करायची नाही, असं त्यांनी बजावलं. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक जड लागतो आणि आमचा तर भरवशाचाच नव्हता. ती उचलून नेणाऱ्या क्रेनवर चढून गॅरेजला गेली.

गैरसमज : टायरची नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर चांगले.

वस्तुस्थिती : टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. आमचे तेच होते. नक्षी नवी दिसत होती, पण बाजूच्या भिंतीवर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. चारही बदलले.

गैरसमज : एसी म्हणजे चैन. आधी गाडी चालू द्या.

वस्तुस्थिती : एरवी मीही हेच म्हणालो असतो. पण डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात पाणी मोजून प्यायचं असतं. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी वजनाच्या काट्यावर दिसतं, आणि ते फार असलं की काढताना रक्तदाब कोसळतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसून गेलं, तर तहान लागणार, आणि ती भागवायची सोय नाही. म्हणून आमच्या यादीत एसी वर चढला. बराच काळ न फिरलेल्या कॉम्प्रेसरचे सील सुकून गॅस निसटलेला असतो. नुसता गॅस भरून उपयोग नाही. गळती आधी शोधावी लागते.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते.

वस्तुस्थिती : तो नियम दिल्ली आणि परिसरातला. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, आणि बातम्या सांगलीपर्यंत आल्या. महाराष्ट्रात नुसत्या वयावर गाडी मोडीत जात नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. ताईने २०१८ ला ते केलं होतं; ती मुदत २०२३ मध्ये आंब्याखालीच संपली.

फुकट मात्र काही नाही. ६०० रुपयांचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० झालं. शिवाय विलंबाचा आकार, पीयूसी, आणि २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट. हे होईपर्यंत "एवढं मिरजेपर्यंतच तर जायचंय" म्हणून बाहेर काढायची नाही. नोंदणी आणि विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई ताईच्या डोक्यावर येईल, कारण गाडी तिच्या नावावर आहे. त्याच नावामुळे काही जण म्हणायचे, "भावाने चालवली तर विमा लागू होत नाही." तसं नाही. विमा गाडीचा असतो; चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा.

गैरसमज : गाडी झाली की ताई स्वतःच जाईल-येईल.

वस्तुस्थिती : चार तासांच्या डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येऊ शकते, पायात गोळे येतात. परतीला स्टिअरिंगवर दुसरं कोणी हवं. डाव्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, दाब चालत नाही. त्या हातात घट्ट बांगडी नाही, घड्याळ नाही, त्या हाताने बॅटरी उचलणं नाही, आणि सीटबेल्टचा पट्टा त्यावर आवळला जाणार नाही अशी बैठक. हा सगळा हिशेब गाडी दुरुस्त करतानाच धरायचा.

याच्या उलट टोकाचा सल्ला म्हणजे "तिला यात ओढू नकोस, आराम करू दे." डॉक्टरांनी तिला झेपेल तेवढं हिंडाफिरायला सांगितलं होतं. ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सांगायची, "तिसऱ्या गिअरला जरा डावीकडे घे, नाहीतर कुरकुरते." मिस्त्रींना जे सापडायला अर्धा दिवस लागला असता, ते तिला माहीत होतं.

गैरसमज : सख्खा भाऊ आहे, म्हणजे किडनी जुळणारच.

वस्तुस्थिती : हा प्रश्न गाडीच्या आडून सगळ्यांनीच विचारला. सख्ख्या भावंडांत पेशींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. अर्धी जुळणी चारात दोन, आणि काहीच न जुळणं चारात एक. रक्तगटाचा विचार वेगळा. आणि हे सगळं जमलं, तरी देणाऱ्याची तब्येत धड हवी. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी जुळणीपर्यंत जाऊच दिलं नाही.

एकदा ड्रमवरचा गंज घासताना मी शहाणपणाने म्हणालो, की वापर थांबला की माणसाचंही असंच होतं. ताई म्हणाली, "माझी तुलना गाडीशी करू नकोस. गाडीचे पार्ट मिळतात."

मग मी तुलना सोडून दिली आणि ड्रम घासत राहिलो.

शेवटचा गैरसमज : सुरू झाली, म्हणजे झालं.

हा माझा स्वतःचा. कागद हातात आले, इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं, आणि मी म्हणालो, सोमवारी हिनेच जाऊ. ताई नको म्हणाली. डायलिसिसला जाताना गाडी बंद पडली, तर वेळ चुकते. येताना बंद पडली, तर अंगात त्राण नसलेलं माणूस रस्त्याकडेला बसतं. त्यापेक्षा रिक्षा बरी. सुरू होणारी गाडी वेगळी आणि भरवशाची गाडी वेगळी, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

तीन आठवडे गाडी फक्त मंगळवार, गुरुवार, शनिवारी धावली. मंडईत, हरिपूरच्या संगमावर, एकदा तासगावला गणपतीला. पहिल्या आठवड्यात कूलंटचा एक पाइप गळला, दुसऱ्यात फॅन बेल्ट ओरडला. तिसऱ्यात काही झालं नाही. चौथ्या सोमवारी आम्ही तिने मिरजेला गेलो.

सुरुवातीच्या खेपांना ताई परतताना कान देऊन बसायची, मधेच म्हणायची, "हा आवाज कसला?" मग एका शुक्रवारी गाडीत कोणी बोलेना म्हणून पाहिलं, तर ती झोपली होती. विश्रामबागपर्यंत झोपली. अंगणात गाडी आंब्याखाली थांबवली आणि माझा हात सवयीने हँडब्रेककडे गेला, तेव्हा डोळे न उघडता म्हणाली,

"ओढू नकोस. गिअरमध्ये ठेव."