खान्देशात बसून दूरच्या शिक्षकांकडे

धुळ्याच्या किंवा चोपड्याच्या महाविद्यालयात हवा तो विषय शिकवणारे कुणी नसेल, तर ‘स्वयम्’कडे पाहावे. केंद्र सरकारच्या या २०१७ सालच्या ऑनलाइन मंचावर आयआयटी आणि इतर विद्यापीठांचे प्राध्यापक शिकवतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात. नावनोंदणी मोफत, परीक्षेला मात्र शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. पण नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने तो विषय मान्य केला, तरच त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. म्हणून आधी विभागप्रमुखांना विचारावे, मगच नाव नोंदवावे. आणि महाविद्यालयांनीही सत्राच्या सुरुवातीलाच मान्य विषयांची यादी फलकावर लावायला हवी. खेड्यातून येणाऱ्या मुलांपर्यंत ही सोय एरवी पोहोचतच नाही.