जिवंत झाडावरील वाळवीचा बंदोबस्त

पावसाळा सरून कार्तिकाचे कोरडे दिवस सुरू झाले म्हणजे, कोकणातील आमराईत काय आणि देशावरील बांधावर काय, जुन्या आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर ओलसर मातीचा पातळ लेप चढू लागतो. आणि तो दिसताच झाड हातचे गेले असे समजून मालक जहाल औषधाच्या शोधात निघतो. या समजुतीत तथ्य थोडे आणि घाई फार असते.

वाळवीचे मुख्य भक्ष्य मृत काष्ठ होय. वृक्ष कितीही टवटवीत असला तरी त्याच्या सालीची बाहेरची खपली आणि खोडाचा गाभा निर्जीवच असतात. त्याचा खरा प्राण साल आणि लाकूड यांच्या सांध्यावरील पातळ थरात व त्यालगतच्या कोवळ्या लाकडात वाहतो. आपल्याकडे सर्रास आढळणारी ओडोन्टोटर्मिस प्रजातीतील वाळवी मऊ शरीराची असून उघड्या हवेत वाळून मरते, म्हणून मातीच्या आच्छादनाखाली राहूनच ती ही मृत खपली कुरतडते. ते अन्न वारुळात नेऊन त्यावर ती एका बुरशीची बाग जोपासते, आणि त्या बुरशीच्या साहाय्याने पचनास जड असा काष्ठांश पचवते. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी व आवडीने खाल्ली जाणारी ओळमी हे त्याच बुरशीचे फळ होय.

तथापि प्रत्येक वेळी हा मामला इतका निरुपद्रवी नसतो. नव्याने लावलेल्या कलमांची कोवळी मुळे व साल वाळवीने खाल्ली तर रोप उभ्या उभ्या सुकते. पाण्याच्या ताणाने क्षीण झालेल्या किंवा कुऱ्हाडीच्या जखमा उघड्या राहिलेल्या झाडातही तिचा शिरकाव सुलभ होतो. कॉप्टोटर्मिस प्रजातीतील वाळवी तर जिवंत वृक्षाचा गाभाच पोखरते. पालवी हिरवीगार राहते, पण खोड आतून पोकळ झाल्यामुळे वादळात झाड उन्मळण्याचे वा मोडण्याचे भय असते. लाकडी हातोडीने ठोकून पाहता पोकळ नाद उमटला, तर घरावर किंवा रस्त्यावर झुकलेल्या अशा झाडाची तपासणी जाणकाराकडून करवून घेणे इष्ट.

इलाजापूर्वी निदान हवे. खोडाच्या छिद्रातून भुसा व विष्ठा बाहेर पडत असेल, तर तो बहुधा भिरुडाचा, म्हणजे खोडकिड्याचा, उपद्रव असतो आणि त्याचा उपाय निराळा आहे. मातीचा लेप व बोगदे हीच वाळवीची खूण. तो लेप बोथट हत्याराने किंवा ताठ ब्रशने, जिवंत सालीस धक्का न लावता, खरवडून काढावा. आठवड्याने पुन्हा पाहावे आणि माती चढली असल्यास पुन्हा काढावी. वाळक्या फांद्या, जुने खुंट व बुंध्याशी पडलेले लाकूड हलवावे. छाटणीच्या जखमांतून कूज शिरू नये म्हणून 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 10 लिटर पाणी यांचे बोर्डो मलम लावावे. मात्र ते लोखंडी भांड्यात कालवू नये. नव्या लागवडीच्या खड्ड्यात अर्धवट कुजलेले शेणखत कधीही घालू नये, पूर्ण कुजलेलेच घालावे, त्यात निंबोळी पेंड मिसळावी, आणि उन्हाळ्यात पाण्याची नियमित तजवीज ठेवावी.

राणीला मारण्यासाठी मुळांभोवती खोल खणण्याने मात्र वाळवीपेक्षा झाडाचीच हानी अधिक होते, कारण वारूळ पुष्कळदा झाडापासून दूर असते. रॉकेल किंवा जळके तेल ओतल्याने साल करपते व जमीन नासते. एकेकाळी वाळवीवर बिनदिक्कत वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर ही द्रव्ये मातीत व प्राणिदेहात दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणूनच 2001 च्या स्टॉकहोम करारात त्यांच्या निर्मूलनाचा निर्णय झाला. औषध घालणे भागच पडले, तर त्या झाडासाठी व वाळवीसाठी वेष्टनावर मान्यता छापलेले औषधच, कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने व नेमक्या प्रमाणात वापरावे. विहिरीनजीक आणि फळे धरली असताना तर विशेष सावध राहावे.

सारांश, मोठ्या व सशक्त वृक्षावरील वाळवी हा बहुधा रोग नसून झाडाच्या दुर्लक्षित देखभालीचा दाखला असतो. त्या देखभालीत कसूर न करणाऱ्या मालकाला औषधाचा डबा क्वचितच उघडावा लागतो.